दोन बोटींमधली तिसरी रेघ

"मॅडम, रेघा तीन हायत ना? मग बोटी तीन. नाव लिहा नि सही करा."

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष रमाकांत चौगुले माझ्या टेबलासमोर उभे राहून हे बोलत होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते. टेबलावर माझ्या लॅपटॉपमधून काढलेला प्रिंट होता, आणि त्यावर खरंच तीन रेघा होत्या. मी नाव लिहिलं आणि सही केली. पुढे काय झालं ते सगळं त्या सहीपायी झालं, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

मी खातू. रत्नागिरीत एमआयडीसीमध्ये दोन खोल्यांचं माझं ऑफिस आहे. मशिनचा आवाज आणि थरथर मोजणं हा माझा धंदा. बर्फाच्या फॅक्टरीतला कॉम्प्रेसर असो की आंब्याच्या कॅनिंगमधला पंप, मोडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो बदल मी पकडते आणि मालकाला सांगते की बेअरिंग बदला, नाहीतर ऐन सीझनमध्ये बोंबलत बसाल. शिक्षण फिजिक्सचं, तेही बऱ्यापैकी वरच्या नंबराने झालेलं. याची घमेंड मला होती. आता कमी आहे.

चौगुल्यांचं गाव दापोलीकडचं. हर्णैच्या अलीकडचं की पलीकडचं, ते मुद्दाम सांगत नाही. बंदराबाहेर एक मोठा खडक आहे आणि त्याच्या आसपास म्हाकूल, म्हणजे स्क्विड, अंडी घालतं. म्हणून गावाने ठराव केला की थंडीचे दोन महिने खडकाभोवती कुणीही जाळं टाकायचं नाही. ठराव एकमताने झाला. भांडण लागलं ते राखण कुणी करायची यावर. गावात एक खारवीवाडी आणि एक मोहल्ला. वाडीचा माणूस राखणीला ठेवला तर मोहल्ला म्हणणार, हा आपल्या लोकांना सोडणार. मोहल्ल्यातला ठेवला तर वाडी तेच म्हणणार.

यावर त्या गावात जुनी पद्धत आहे. राखणीला दोन बोटी जातात, दोन्हीकडची एकेक. त्यांनी शेजारी शेजारीच चालायचं, एकाच वेगाने. एकाने पुढे जायचं नाही, दुसऱ्याने मागे राहायचं नाही. एक आला नाही तर दुसऱ्यानेही जायचं नाही. बोटीत जाळं ठेवायचं नाही. म्हणजे खडकावर नजर राहते आणि राखणदारांची एकमेकांवरही राहते. यंदा वाडीतर्फे गजानन ऊर्फ गजू हेदवकर होता आणि मोहल्ल्यातर्फे दाऊद होडेकर. दोघांचं एकमेकांशी जन्माचं वाकडं, हे शेंबडं पोर पण सांगेल. म्हणूनच त्यांना निवडलं होतं.

तरीही खडकाजवळचं म्हाकूल कमी व्हायला लागलं. ओहोटीला खडकाच्या कपारीत जाळ्याचे ताजे तुकडे अडकलेले दिसले. कुणीतरी जात होतं. रोज दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत दोन बोटी घिरट्या घालतायत, तरीही. मग चौगुले माझ्याकडे आले. मी म्हटलं, पाण्याखाली माईक सोडू. त्याला हायड्रोफोन म्हणतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा फार लांब जातो. खडकाजवळ जी बोट येईल तिचं इंजिन ऐकू येणारच.

पहिल्या दिवशी मी माईक घेऊन जेटीवर गेले. माईक अजून पेटीतच होता, तेवढ्यात चौगुल्यांनी एका निळ्या बोटीकडे हात केला.

"आधी हिचं इंजिन मोजून ठेवा."

"का?"

"सलीम सोलकरची हाय. कुवेतला जहाजांवर इंजिन फिटर होता, आता इथे येऊन बोट घेतलीय. नि मिटिंगमधे उभा राहून काय विचारतो? राखणदारांवर राखण कोण ठेवणार म्हणून! असलं कोण विचारतो, तुम्हीच सांगा."

मला ते पटलं. लिहायला लाज वाटते, पण पटलं. पांढरपेशा लोकांना वाटतं की मशिन वापरणारा माणूस मशिनसारखाच कोरडा असतो. तसलं काही नसतं.

मी निळ्या बोटीवर गेले. सलीमभाई इंजिनाच्या खोलीतून वर आले. पन्नाशीचे, हात ग्रीसने माखलेले. इंजिन सुरू करून द्यायला त्यांनी एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. राखणीच्या बोटी ज्या संथ चालीने चालतात, त्या चालीला त्यांच्या इंजिनाचे ठोके भरले सेकंदाला त्रेचाळीस.

"काय मोजताय?" त्यांनी विचारलं.

"सर्व्हे आहे."

"सगळ्यांचं मोजणार?"

"हो, हो, सगळ्यांचं," मी म्हटलं. बाकी एकाही बोटीला मी हात लावला नाही. दुपारचं जेवण चौगुल्यांकडे होतं आणि सुरमई निवत होती.

माईक खडकाजवळ सोडला आणि आठवड्याने रेकॉर्डिंगचं पहिलं कार्ड ऑफिसात आलं, मग दर आठवड्याला एकेक. आता हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण घोळ तिथेच झाला.

पेटीवाला नोटेशन लिहितो, तेव्हा कुठला सूर आणि केव्हा, या दोन्ही गोष्टी एका कागदावर येतात. आमचा प्लॉटही तसाच. आडवा वेळ, उभा ठोक्यांचा वेग. जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. प्रत्येक बोटीची एक रेघ उमटते. ही रेघ काढायची नेहमीची रीत म्हणजे आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे आणि एकेक तपासायचा. पण समुद्रात बोट लाटेवर चढते, उतरते, ठोके सारखे कमीजास्त होतात. तुकडा मोठा घेतला तर रेघ पसरून पुसट होते. छोटा घेतला तर जवळजवळच्या दोन रेघा एकमेकींत मिसळून जाड पट्टा दिसतो. मला तसा पट्टाच दिसत होता. चौगुल्यांना पट्टा चालणार नव्हता. त्यांना रेघ हवी होती, सुईसारखी.

सुईसारखी रेघ देणारी एक रीत आहे, तिला विग्नर डिस्ट्रिब्युशन म्हणतात. तिच्यात तुकडे पाडत नाहीत. सिग्नलची त्याच्या स्वतःशीच जोडी लावतात, प्रत्येक क्षणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग एकमेकांना गुणून. रेघा इतक्या स्वच्छ येतात की बघत राहावं. मी ती लावली. एक रेघ आली चाळिसावर, ती गजूची. एक शेहेचाळिसावर, ती दाऊदची. दोघांची इंजिनं वेगळी, म्हणून एकाच वेगाला ठोके वेगळे; कुठली कुणाची ते पुढे दाऊदचं इंजिन बंद पडलं तेव्हा ठरलं. आणि बरोबर मधे, त्रेचाळिसावर, तिसरी. तिघींत सगळ्यात ठळक तीच.

त्रेचाळीस! माझ्या वहीत तो आकडा आधीच लिहिलेला होता.

त्यानंतर मी जे बघत गेले ते सगळं संशयाच्या चष्म्यातून. गजू-दाऊदने वेग वाढवला की तिसरी रेघही तेवढीच वर जायची. मी म्हटलं, हा यांच्या आवाजात लपून चालतो, पक्का आहे. ती कधीही या दोघींच्या मधून हलायची नाही. मी म्हटलं, कुवेतचा फिटर, त्याला कळतं कुठे चालायचं ते. एके दिवशी दाऊदचं इंजिन डिझेलमध्ये कचरा येऊन बंद पडलं. त्याची रेघ तुटली, आणि त्याच क्षणी तिसरीही तुटली. दाऊद सुरू झाला, तिसरी परत हजर. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की दाऊदही सामील आहे, तो याला इशारा करतो. हे मी फोनवर चौगुल्यांना सांगितलंसुद्धा. काय बोलावं स्वतःला!

एक बोट दोन बोटींच्या मधून चालतेय आणि दोन्हीकडच्या माणसांना ती डोळ्यांनी दिसत नाही, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला. त्यावर मी उत्तरही काढलं की ते दोघं खोटं बोलत असणार. संशयाचं हे एक बरं असतं, कुठेच अडत नाही.

रिपोर्टात मी लिहिलं, 'तिसऱ्या बोटीचे ठोके श्री. सलीम सोलकर यांच्या बोटीशी जुळतात.' खाली सही, शिक्का. चौगुल्यांनी माझ्या दारातच त्याचा फोटो काढला आणि मी चहा सांगेपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर गेला होता.

सोसायटीने सलीमभाईंची जेटी तात्पुरती बंद केली. रविवारच्या सर्वसाधारण सभेत हंगामभरासाठी बंद करायचा ठराव येणार होता. जेटी बंद म्हणजे बर्फ नाही, डिझेल नाही, लिलाव नाही. बोट असून नसल्यासारखी. आणि वर नावाला चोर हा शिक्का, तो कुठल्या ठरावाने पुसणार?

मंगळवारी सकाळी दहाला सलीमभाई माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत माझाच रिपोर्ट. मी टेबलावरचा मोबाईल जवळ ओढला. हा माणूस तमाशा करायला आलाय अशी माझी खात्री होती.

"बसू?" त्यांनी विचारलं.

"बसा. पण रिपोर्ट बदलणार नाही मी."

"बदलू नका. मला फक्त माझं इंजिन दाखवा त्यात."

"ही काय रेघ. त्रेचाळीस."

"ही रेघ झाली. इंजिन कुठे हाय?" ते पुढे सरकले. "मॅडम, माझं तीन नंबरचं सिलिंडर चुकतं. इंजेक्टर मागवलाय, आला नाय अजून. सहा ठोक्यांत एक ठोका पोकळ जातो. तुम्ही मोजलंत तेव्हा पण जात होता. मग तुमच्या रेघेत तो पोकळ ठोका दिसायला हवा का नको?"

हवा. शंभर टक्के हवा. ठोका चुकणाऱ्या इंजिनाच्या मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा येतात. ही माझी रोजीरोटी आहे, मी फॅक्टरीवाल्यांना हेच तर शिकवते. आणि इथे मी त्या शोधल्याच नव्हत्या. तरी तोंडाने म्हटलं, "लांबून रेकॉर्ड झालंय, बारीक गोष्टी दिसत नाहीत."

"मग बारीक करून बघा. मी बसतो."

ते बसले. मला हाकलून देता येईना. मी चिडून रेकॉर्डिंगमधले दोन सेकंद घेतले आणि स्क्रीनभर मोठे केले. गजूची आणि दाऊदची रेघ सलग आली. मधली मात्र तुटक, मण्यांच्या माळेसारखी. मी मणी मोजले. एका सेकंदात बारा.

मी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. बारा मणी दिसतायत पण त्यांतले निम्मे वजाचे असतील, अशी मला शंका आली, आणि ती का आली ते मला नीट माहीत होतं.

विग्नरच्या आकड्यांना चिन्ह असतं. काही अधिक, काही वजा. आधी मी वजा आकडे निळ्या रंगात दाखवायचे. पण बर्फवाले, कॅनिंगवाले प्रत्येक वेळी विचारायचे, "मॅडम, हे निळं काय? एनर्जी वजा कशी असेल?" समजावून समजावून माझी जीभ दुखायची. शेवटी एके दिवशी वैतागून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की वजाचं चिन्ह काढून टाक. सगळं एका रंगात. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. ती ओळ मी नंतर विसरून गेले.

ती ओळ मी काढली आणि प्लॉट पुन्हा चालवला. गजूची रेघ पूर्ण लाल. दाऊदची पूर्ण लाल. मधली मात्र लाल, निळी, लाल, निळी. सेकंदाला सहा लाल आणि सहा निळे. शेहेचाळीस वजा चाळीस किती? सहा.

"काय झालं?" सलीमभाईंनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं.

हे सूत्र मुळात क्वांटम फिजिक्समधलं आहे. कणाची जागा आणि वेग एकाच नकाशावर मांडायचा, तर सरळ मांडता येत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी नेमकं ठरवता येत नाही. म्हणून हा आडमार्गाचा नकाशा काढला गेला. त्यात कण एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याच्या अवस्थेत असला, तर त्या दोन जागांच्या बरोबर मधे पट्टे उमटतात, अधिक-वजा, अधिक-वजा. तिथे कण सापडत नाही. दोन शक्यता एकमेकींशी गुणल्या गेल्याची ती खूण असते. क्वांटमवाले त्या पट्ट्यांवर खूश असतात, कारण त्यांच्यासाठी तीच तर गंमत आहे. आमच्या धंद्यात जागा आणि वेगाऐवजी वेळ आणि ठोके, एवढाच फरक. सिग्नलमध्ये दोन सूर असले की मधोमध तिसरा उमटतो आणि तो नसतो. त्याला क्रॉस टर्म म्हणतात. एमएस्सीला मी यावर सेमिनार दिला होता. सेमिनार! आणि समोरच्या माणसाला मी क्रॉस टर्मवरून चोर ठरवलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे त्या दोघांच्या आवाजातून माझी बोट तयार झाली?"

"तुमची नाही. कुणाचीच नाही. ती बोटच नाही."

"मग माझ्याशी जुळली कशी?"

"योगायोग."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पिशवीत घातला. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौगुल्यांना फोन केला. ते ऐकूनच घेईनात. "मॅडम, आता फिरवू नका. गावात माझी काय चव राहील? सोलकर तुमच्याकडे आला होता म्हणे मंगळवारी. आमच्या कानावर आलंय."

"आला होता. मग?"

"मग काय ते तुमचं तुम्ही समजा."

आता संशय माझ्यावर होता. मला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी हेही कळलं की हा माणूस माझ्याशी तेच करतोय जे मी सलीमभाईंशी केलं. मी म्हटलं, "चौगुले, रविवारी सभेच्या आधी सगळ्यांना जेटीवर बोलवा. तोंडी काही सांगत नाही, दाखवते. नाही दाखवता आलं तर माझा शिक्का तुमच्यासमोर समुद्रात टाकते."

रविवारी सकाळी जेटीवर निम्मं गाव जमलं होतं. सलीमभाईंची निळी बोट समोर बांधलेली, तिची चावी चौगुल्यांच्या खिशात. मी माईक पाण्यात सोडला, लॅपटॉप बर्फाच्या उपड्या क्रेटवर ठेवला. गजू आणि दाऊदला सांगितलं, राखणीला जाता तसेच शेजारी शेजारी जा, नेहमीच्या चालीने.

स्क्रीनवर तीन रेघा आल्या.

"ही बघा तिसरी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सलीमची बोट कुठे आहे?" मी विचारलं.

"ही काय, हितंच हाय की."

"चावी?"

चौगुल्यांनी खिसा चाचपला. मी मोबाईलवरून दाऊदला सांगितलं, इंजिन बंद कर. त्याची रेघ गेली, मधलीही गेली. सुरू कर म्हटलं, दोन्ही आल्या. मग गजूला बंद करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लोकच ओरडायला लागले, "आता दाऊदला बंद करा! आता गजूला!" एक म्हातारी म्हणाली, "आयशप्पत, ही तर ह्या दोघांचीच सावली गो."

शेवटी मी वजाचा निळा रंग दाखवला, आणि त्यावर स्मूदिंग लावलं. स्मूदिंग म्हणजे शेजारपाजारच्या आकड्यांची सरासरी. खऱ्या रेघा त्याने थोड्या जाड होतात, पण राहतात. क्रॉस टर्म निम्मी अधिक आणि निम्मी वजा, त्यामुळे सरासरी शून्य. ती पुसली गेली. स्क्रीनवर दोन रेघा उरल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझा रिपोर्ट चुकीचा होता. सलीमभाईंची बोट खडकाजवळ गेली नव्हती. चूक माझी, मशिनची नाही."

चौगुल्यांनी स्क्रीनकडे पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी विचारलं आणि ते बरोबरच विचारलं. "मग मॅडम, म्हाकूल नेतो कोण?"

मला माहीत नव्हतं. मी तीन आठवड्यांचं जुनं रेकॉर्डिंग त्याच स्मूदिंगमधून काढून आणलं होतं, ते स्क्रीनवर लावलं. "रोज दोनच बोटी. रात्रीसुद्धा तिसरी कुठलीही नाही. एवढंच मी सांगू शकते."

सलीमभाई इतका वेळ मागे उभे होते. ते पुढे आले, चष्मा लावला आणि स्क्रीनकडे वाकले.

"हे काय?"

रोज चारच्या सुमारास दोन्ही रेघा एकदम खाली यायच्या, सारख्याच. मग पाऊण तास अगदी सरळ, नेहमीची लाटेची वरखाली जवळजवळ बंद. मग पुन्हा वर. हे मी आधीही बघितलं होतं. तिसऱ्या रेघेच्या नादात तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

"वेग कमी करत असतील," मी म्हटलं.

"वेग कमी केला तर आवाज पण बारीक होतो. इथे ठोके कमी झालेत नि रेघ अजून गडद झालीय. इंजिन जड झालंय, मॅडम. काहीतरी ओढतंय." त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले, समांतर. "दोन्ही एकदम जड, दोन्ही सारखंच जड. म्हणजे दोघं एकच वस्तू ओढतायत. दोन बोटी नि मधे जाळं."

दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायची रीत किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी काय लागतं? शेजारी शेजारी चालायचं, एकाच वेगाने. एकाने पुढे जायचं नाही, दुसऱ्याने मागे राहायचं नाही.

गजू आणि दाऊद तोपर्यंत बोटी लावून वर आले होते.

"गजू," चौगुले म्हणाले, "काय ऐकतोय मी?"

"मी? नि ह्याच्याबरोबर?" गजू उसळला. "आमचं पटत नाय हे अख्ख्या गावाला म्हायत हाय!"

"ह्याच्याबरोबर मी चहा पण पीत नाय," दाऊद म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. मी आता नाव घेणार नाही. रेघेत जाळं दिसत नाही, वजन दिसतं. पुढचं तुम्ही डोळ्यांनी बघा."

सलीमभाई आधीच खाली उतरले होते. त्यांनी गजूच्या बोटीच्या मागच्या बाजूच्या दोन लाकडी खुंट्या दाखवल्या. उजव्या खुंटीवर दोरी घासल्याचे खोल, ताजे चरे. डावी कोरी. मग दाऊदच्या बोटीवर गेले. तिथे डावीवर चरे, उजवी कोरी. दोन्ही बोटी जशा शेजारी लागल्या होत्या, तशा त्या दोन खुंट्या समोरासमोर येत होत्या. राखणीच्या बोटीत जाळं नसतं, मग दोर कशाला लागतो, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. जाळं त्यांनी खडकाजवळच दगड बांधून पाण्यात दडवलं होतं, ते गावकऱ्यांनी दुपारी वर काढलं. दाऊद तोवर "ऊन लागतंय" म्हणून घरी निघून गेला होता. गजू मात्र शेवटपर्यंत तिथेच उभा राहून दाऊदला शिव्या घालत होता.

सभेत सलीमभाईंची जेटी उघडायचा ठराव झाला. टाळ्याही झाल्या. पण त्यांच्या तीन खलाशांतले दोघे त्या मधल्या दिवसांत दुसऱ्या बोटीवर गेले होते आणि एकदा हंगामाची बोली झाली की खलाशी परत येत नाही. त्या वर्षी त्यांनी एका माणसावर बोट चालवली. माझा पहिला रिपोर्ट ग्रुपवर ज्या वेगाने फिरला, त्या वेगाने दुसरा फिरला नाही. कुणीतरी मला नंतर म्हटलंसुद्धा, "पण मशिनमधे आला होता ना तो?"

मी पुढच्या आठवड्यात परत गेले आणि बंदरातल्या एकतीसच्या एकतीस बोटी मोजल्या. आधीच मोजायला हव्या होत्या. त्या चालीला त्रेचाळीसच्या आसपास येणाऱ्या सात निघाल्या. यादी घेऊन मी सलीमभाईंकडे गेले आणि माफी मागितली. त्यांनी यादी वाचली, घडी करून परत दिली.

"तुमच्या रेघेचा मला राग नाय, मॅडम. मशिन चुकतं, माणूस चुकतो, आम्ही पण फिटर हाय. पण रेघ दिसायच्या आधी तुम्ही माझं इंजिन मोजायला आलात. नि मी विचारलं तेव्हा खोटं बोललात." मग त्यांनी खाली उतरून इंजेक्टरचं काम सुरू केलं. चहा विचारला नाही.

मी एसटी पकडून परत आले.

आता माझ्या प्रत्येक प्लॉटमध्ये निळा रंग असतो. गिऱ्हाईक विचारतं, मी जीभ दुखेपर्यंत समजावते. आणि मशिन ऐकून होईपर्यंत मी कुणाचं नाव ऐकत नाही. परवा एका कॅनिंगवाल्याचा फोन आला. "मॅडम, पंप सारखा जळतोय. आमच्या सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरचं काम आहे ते, आम्हाला खात्री आहे, फक्त तुमचा रिपोर्ट पाहिजे." मी म्हटलं, पंप बघते, नाव सांगू नका. त्यांनी तरी सांगितलं. मी ते काम घेतलं नाही.